सागाची आजी आणि आपली गरिबी

(वर्षावास व्याख्यानमालेत, विद्यार्थी गुणगौरवाच्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात आपल्याकडे दर आठवड्याला धम्मावर व्याख्यान होते. आज विद्यार्थ्यांचा दिवस आहे, म्हणून एखादी गोष्ट सांगावी असे कार्यकर्त्यांनी सुचवले. मी जपानमधल्या एका आजीची आणि नातवाची गोष्ट निवडली आहे. ती कल्पित नाही, त्या नातवाने मोठेपणी स्वतः लिहून ठेवलेली आहे. ऑगस्टचा महिना आहे, ६ ऑगस्ट हा हिरोशिमाचा दिवस, आणि या गोष्टीची सुरुवात तिथूनच होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली असा अंदाज आहे. पण त्या बॉम्बने मेलेली सगळीच माणसे त्या सकाळी शहरात नव्हती. स्फोटानंतरच्या दिवसांत आपले घर, आपली माणसे शोधायला अनेकजण त्या राखेत शिरले आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणोत्सर्गाने आजारी पडले. पुढे १९५७ साली जपानने बॉम्बपीडितांच्या उपचारांसाठी कायदा केला, तेव्हा स्फोटानंतर दोन आठवड्यांच्या आत शहराच्या मध्यभागी गेलेल्यांनाही पीडित मानले गेले. आपल्या गोष्टीतल्या मुलाचे वडील असेच स्फोटानंतर हिरोशिमात गेलेले. मुलाला बापाचा चेहरा आठवण्याआधीच ते वारले. घरात विधवा आई आणि दोन मुलगे राहिले. आई हिरोशिमात एका खाणावळवजा दारूच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत राबू लागली.

हा मुलगा १९५० साली जन्मला. त्याचे घरचे नाव तोकुनागा अकिहिरो. पुढे तो विनोदी कलावंत झाला आणि शिमादा योशिची या नावाने जपानभर प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तमाशातल्या बतावणीत दोघांची सवालजवाबी रंगते, तसा जपानमध्ये 'मांझाई' नावाचा प्रकार आहे. १९८०च्या सुमारास त्याची मोठी लाट आली आणि त्या लाटेत योशिची यांची जोडी गाजली. पण आपल्याला काम आहे ते त्यांच्या बालपणाशी.

मुलगा आठ वर्षांचा झाला. रात्रीच्या वेळी आईला शोधत तो एकटाच त्या वस्तीत येऊ लागला, तेव्हा आईने मन घट्ट केले. मावशीला स्टेशनवर पोहोचवायला म्हणून त्याला नेले आणि गाडी सुटता सुटता त्याला मावशीच्या डब्यात ढकलून दिले. आपण आईपासून तुटलो हे गाडी हलल्यावर त्याला कळले. गाडी गेली दक्षिणेला, क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतात. भातशेतीचा सपाट मुलूख, जागोजाग पाण्याचे कालवे, आणि नदीच्या काठी एक गवताने शाकारलेले जुने घर. तिथे आजी राहत होती.

या आजीचे नाव सानो. जन्म १९०० सालचा. १९४२ साली, ऐन युद्धात, तिचा नवरा वारला. पदरी सात मुले. सागा विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या शाळांत झाडलोट करून तिने ती सात मुले वाढवली. नातू आला तेव्हा ती साठीकडे झुकलेली होती. पहाटे चारला कामावर निघायची. म्हणून नातू आल्या आल्या तिने त्याला मिठी मारून रडणे वगैरे काही केले नाही. त्याला चुलीपाशी नेले आणि भात कसा शिजवायचा ते शिकवले. उद्यापासून हे काम तुझे.

मित्रहो, आता या आजीच्या संसाराच्या काही तऱ्हा ऐका.

ती कामावरून परतताना तिच्या मागून रस्त्यावर खळखळ आवाज येई. कमरेला दोरी बांधलेली आणि दोरीच्या टोकाला लोहचुंबक. चालता चालता रस्त्यावरचे खिळे, पत्र्याचे तुकडे त्याला चिकटत. घरी आल्यावर ते डब्यात काढायचे आणि डबा भरला की भंगारवाल्याला विकायचे. चालायचे तर आहेच, मग नुसते कशाला चाला, असा तिचा हिशेब.

घरापुढच्या नदीत तिने एक लाकडाचा ओंडका आडवा टाकून ठेवला होता. वरच्या अंगाला भाजीबाजार होता. विकली न जाणारी वेडीवाकडी भाजी व्यापारी पाण्यात टाकत, ती वाहत येऊन ओंडक्याला अडकायची. नदीला ती आपले दुकान म्हणायची आणि माल घरपोच येतो म्हणून खूश असायची. दोन टोकांचा मुळा चिरला की सरळ मुळ्यासारखाच होतो, वाकडी काकडी मिठात घातली की सरळ काकडीसारखीच लागते, हे तिचे शास्त्र. एकदा एकच लाकडी खडाव वाहत आली. नातू म्हणाला, एकीचा काय उपयोग? आजीने त्याला थांबायला सांगितले. ज्याची एक वाहून गेली तो दोन-तीन दिवस शोधेल, मग कंटाळून दुसरीही फेकून देईल. आणि तसेच झाले!

शाळेतली मुले तलवारबाजी, कुस्ती शिकू लागली तेव्हा नातवालाही शिकावेसे वाटले. दोन्हींना पैसे लागत. आजीने सुचवले, पळायला शीक, जमीन फुकट असते. तो मन लावून पळू लागला तेव्हा तिने बजावले की फार जोरात पळू नकोस, भूक लागते, आणि बूट काढून पळ, झिजतात.

आज गुणगौरव आहे म्हणून ही एक गोष्ट मुद्दाम सांगते. जपानच्या शाळेत तेव्हा एकपासून पाचपर्यंत श्रेणी देत, पाच सर्वांत वरची. नातवाच्या प्रगतिपुस्तकात एक आणि दोनच भरलेले. आजी म्हणाली, काही हरकत नाही, एक आणि दोनांची बेरीज केली की पाच होतातच. विद्यार्थ्यांनी हा हिशेब घरी आईवडिलांपुढे मांडून पाहू नये, ही विनंती! पण त्यामागचा अर्थ लक्षात घ्यावा. मुलाची किंमत एका विषयाच्या गुणांवर ठरत नाही, तो पूर्ण माणूस म्हणून काय आहे ते पाहायचे, असे ती मानत होती.

आता या हसण्यामागे धम्माचा काही विचार आहे का, ते पाहू. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाचे सुत्त आहे. तो भगवंतांना विचारतो की आम्ही बायकामुलांत राहणारी संसारी माणसे, आमचे या जन्मातले हित कशात आहे? भगवंत त्याला चार गोष्टी सांगतात. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे अंग मोडून, कौशल्याने उद्योग करणे. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेले राखणे. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्या माणसांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे आवक-जावक पाहून जगणे, उधळपट्टीही नाही आणि कद्रूपणाही नाही. सानो आजीने हे सुत्त वाचले होते असा माझा दावा नाही. पण पहाटे चारची तिची चाल म्हणजे उट्ठान, आणि कमरेचे चुंबक म्हणजे आरक्ख, असे म्हणायला हरकत नाही.

चौथ्या संपदेविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नातू मोठ्या शाळेत गेला, बेसबॉलच्या संघाचा कर्णधार झाला. ही बातमी ऐकताच आजी कपाटातून दहा हजार येनची नोट काढून, रात्रीची वेळ असूनही, खेळाच्या दुकानात गेली. तिने सर्वांत महागडे खिळ्यांचे बूट मागितले. दुकानदाराने किंमत सांगितली ती दोन हजारांच्या आसपास. तर आजीचा आग्रह असा की काहीही करून दहा हजार करा! घासाघीस उलट्या दिशेने करणारे हे गिऱ्हाईक त्या दुकानदाराने आयुष्यात पाहिले नसेल. रस्त्यावरचा खिळा उचलणारी बाई नातवाच्या मानासाठी नोट पुढे करते. कशासाठी राखायचे हे जिला कळते, तिचे राखणे म्हणजे आरक्खसंपदा. नुसते साठवत जाणे म्हणजे कद्रूपणा.

तिसरी गोष्ट कल्याणमित्तता. त्या गावात टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर विकणारा सायकलवरून येई. अख्खी वडी दहा येनला आणि वाटेत फुटलेली पाच येनला. आजी नेहमी फुटलेली घेई. एक दिवस नातवाने पाहिले की एकही वडी फुटलेली नाही, तेव्हा विक्रेत्याने गुपचूप आपल्या हाताने एक फोडली आणि पाच येनला दिली.

शाळेत क्रीडादिनी मुलांचे आईवडील डबे घेऊन येत आणि मैदानात सगळे एकत्र जेवत. याचे कोणी येत नसे. तो वर्गात एकटा जाऊन डबा उघडी. डब्यात भात, खारवलेले आंबट उमेबोशी आणि आल्याचे लोणचे. इतक्यात गुरुजी आले आणि म्हणाले की माझे पोट दुखते आहे, तुझ्या डब्यात आंबट आणि आले आहे, ते पोटाला बरे, आपण डबे बदलू या. गुरुजींच्या डब्यात अंडे, तळलेली कोळंबी, असे त्याने क्वचितच पाहिलेले पदार्थ. थोड्या वेळाने दुसरे शिक्षक आले, त्यांचेही पोट दुखत होते. मग तिसरे. पुढच्या वर्षीही क्रीडादिनी शिक्षकांची पोटे दुखलीच! क्रीडादिनी शिक्षकांना हा कोणता आजार होतो, असे त्या मुलाला नवल वाटे. त्याचा अर्थ आजीने त्याला नंतर समजावला. घेणाऱ्याला कळूही न देता केलेली मदत हीच खरी मदत, असे तिचे मत होते.

इथे थोडे थांबू या. ही गोष्ट ऐकून आपल्याला आनंद झाला, डोळेही ओले झाले असतील. योशिची यांनी हे पुस्तक प्रथम स्वतःच्या खर्चाने छापले. २००४ साली ते खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीत निघाले आणि घरोघर गेले. २००६ साली त्यावर चित्रपट झाला. ज्या जपानने तोपर्यंत भरपूर श्रीमंती पाहिली होती, त्या जपानला ही गरीब आजी आवडली. पण आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत. आपल्याला एक अवघड प्रश्न विचारावाच लागेल. गरिबीच्या अशा गोड गोष्टी आपण आपल्या मुलांना सांगाव्यात का?

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. धर्म कसा असावा याच्या कसोट्या त्यांनी त्यात दिल्या. त्यातली एक कसोटी अशी की धर्माने गरिबीला पवित्र ठरवू नये, तिचा गौरव करू नये. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने ती सोडणे ही एक गोष्ट, पण लादलेली गरिबी कधीच धन्य असू शकत नाही, असा त्यांचा विचार. मग कमरेला चुंबक बांधलेल्या आजीवर टाळ्या वाजवताना आपण गरिबीचाच गौरव करतो आहोत का?

माझे उत्तर असे आहे. आजी गरिबीचा गौरव करत नाही, ती गरिबीची लाज नाकारते. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. गरिबी दोन तऱ्हांची असते, एक कुढणारी आणि एक हसणारी, आणि आपली हसणारी आहे, असे ती नातवाला सांगायची. हे ती स्वतःविषयी बोलत होती. हेच वाक्य एखाद्या मालकाने मजुराला ऐकवले असते तर तो अपमान झाला असता. म्हणून ही गोष्ट कोण कोणाला सांगतो, याकडे लक्ष ठेवले पाहिजे. शिष्यवृत्ती वेळेवर द्या असे मागणाऱ्या मुलाला जर कोणी ही गोष्ट ऐकवून गप्प बसवू लागला, तर ओळखावे की तो आजीचे नाव घेऊन आपले कर्तव्य चुकवतो आहे.

दुसरे असे की त्या नातवाला वर काढले ते एकट्या ओंडक्याने आणि चुंबकाने नव्हे. युद्धानंतर, १९४७ पासून जपानने नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले. पंतोजी गावात यावा की न यावा हा प्रश्न तिथे नव्हता. १९५० साली निराधारांच्या निर्वाहाचा कायदा झाला, १९६१ साली सर्वांना आरोग्यविमा लागू झाला, १९६०च्या दशकात पाठ्यपुस्तके मोफत झाली. आजीची हुशारी होतीच, पण तिच्या नातवाच्या पायाखाली शाळा नावाची जमीन होती. आजी म्हणाली तशी ती जमीन फुकट होती. सरकारने ती फुकट ठेवली होती म्हणून तो पळू शकला.

तिसरी गोष्ट आपल्या काळजाजवळची आहे. त्या मुलाच्या वाट्याला भूक होती, पण भुकेबरोबर अपमान नव्हता. टोफूवाल्याने त्याच्या हाताला हात लागू दिला. गुरुजींनी त्याच्या डब्यातला भात खाल्ला. आणि नदी! नदीतले जे येईल ते आजी हक्काने उचलत होती. आपल्या आज्या-पणज्या हुशारीत या आजीला तसूभर कमी नव्हत्या. पण त्यांना पाण्यालाच हात लावायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, ते यासाठी. तेव्हा आपल्या आज्यांच्या गरिबीची गोष्ट सांगताना केवळ त्यांची काटकसर सांगून चालणार नाही. त्यांना कोणी अडवले हेही सांगावे लागेल.

जपानमध्ये सगळे आलबेल होते असेही कोणी समजू नये. तिथेही 'बुराकु' वस्त्यांतल्या माणसांना चामड्याच्या आणि खाटकाच्या पिढीजात कामांमुळे हीन लेखले जाई. १८७१ साली सरकारने कायद्याने तो भेद काढला, पण लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी तो उरलाच. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्या लोकांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. महाडच्या पाच वर्षे आधी. बुद्धाच्या देशातही समता आपोआप येत नाही, ती मागावी लागते, हा त्यातला धडा.

आणि चौथी गोष्ट. या हसऱ्या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथे हसू येत नाही, ती म्हणजे आई. आठ वर्षांचे पोर आईपासून तुटले, आणि वर्षानुवर्षे क्रीडादिनाला आईची वाट पाहत राहिले. मोठ्या शाळेत असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीला आई अखेर आली. आजीच्या घरावरून जाणाऱ्या रस्त्यावर उभी राहून तिने त्याला हाक मारली, आणि तो पहिला आला. फुकटच्या जमिनीवर अनवाणी शिकलेले पळणे त्या दिवशी कामी आले. पण त्या एका दिवसासाठी त्याने किती वर्षे मोजली! बॉम्ब कोणी टाकला, युद्ध कोणी पुकारले, आणि किंमत कोणी दिली? एका विधवेने, एका म्हातारीने आणि एका पोराने. बॉम्बपीडितांची संघटना 'निहोन हिदानक्यो' १९५६ साली स्थापन झाली. तिला २०२४ साली शांततेचे नोबेल मिळाले. गोष्ट सांगताना ही बाजू गाळली तर उरते ती फक्त करमणूक.

सानो आजी १९९१ साली, ९१ वर्षांची होऊन वारली. नातवाचे पुस्तक देशभर गाजले ते तिने पाहिले नाही.

शेवटी दोन सूचना करते आणि थांबते.

पहिली विद्यार्थ्यांना. तुमच्या घरी किंवा गावी आजी असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती कितव्या वर्षी कामाला लागली, मजुरी किती होती, पाणी कुठून आणायची, कोणी अडवले, कोणी मदत केली, एका दिव्यात किती जणांचा अभ्यास व्हायचा, हे तिच्याच शब्दांत लिहा. बाबासाहेबांची आई १८९६ साली वारली. त्यानंतर त्यांना मायेने सांभाळणाऱ्या आत्याबाई मीराबाईंविषयी आपल्याला चार ओळींपलीकडे फारसे ठाऊक नाही, कारण त्यांना कोणी विचारले नाही. पुढच्या स्मरणिकेत अशा आज्यांसाठी पाने राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे.

दुसरी सूचना आपल्या संस्थेला, आणि ती मी आपलेपणाने करते. गुणवंतांना व्यासपीठावर बोलवावे, त्यांचा मान आहे. पण गरजू विद्यार्थ्यांना वह्या, गणवेश, फी देताना आपण त्यांनाही नावे पुकारून वर बोलावतो आणि हातात पाकीट धरायला लावून फोटो काढतो. देणाऱ्याची भावना चांगली असते. तरीही त्या मुलाला त्या फोटोत उभे राहताना काय वाटत असेल? सागाच्या गुरुजींनी पोट दुखल्याचे निमित्त केले, टोफूवाल्याने वडी फोडली. दान असे द्यावे की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. मी बँकेत काम करते. विद्यार्थ्याच्या नावे खाते उघडून त्यात रक्कम जमा करायला पाच मिनिटे लागतात, फोटोग्राफर लागत नाही. हिशेब सर्वसाधारण सभेत आकड्यांनी मांडावा, नावांनी नको. या वर्षापासून एवढा एक बदल केला, तर आजची गोष्ट सांगितल्याचे चीज झाले असे मी मानेन.

विद्यार्थी मित्रहो, गरिबीची लाज बाळगू नका आणि तिचा अभिमानही बाळगू नका. तिच्यातून बाहेर पडा, आणि बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्याच्या डब्याकडे बघा. तुमचेही पोट कधीतरी दुखू द्या!



जयभीम! नमो बुद्धाय!